खुब्याच्या सांधारोपणानंतरचे दैनंदिन जीवन : मराठी घर आणि बैठकीच्या उंचीचा प्रश्न

प्रस्तावना

खुब्याचा सांधा हा शरीराचा सर्वाधिक भार पेलणाऱ्या सांध्यांपैकी एक होय. मांडीच्या हाडाचे गोल डोके कमरेच्या हाडातील वाटीसारख्या खळगीत फिरते आणि उभे राहणे, चालणे, बसणे, वळणे या साऱ्या क्रिया त्या एका जोडावर अवलंबून असतात. संधिवाताने हा जोड झिजतो, रक्तपुरवठा खंडित झाल्यास हाडाचे डोके मृत होते, तर वृद्धापकाळी पडल्यामुळे हाडाची मान मोडते. अशा वेळी कृत्रिम सांधा बसविणे हा मान्य उपचार आहे. सर जॉन चार्नली यांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयात धातूचा गोळा व पॉलिइथिलीनची वाटी ही जोडी वापरण्यास प्रारंभ केला आणि या शस्त्रक्रियेचे आधुनिक पर्व सुरू झाले. २०१९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सुमारे ५८ टक्के कृत्रिम खुबे २५ वर्षे टिकतात.

सांध्याच्या टिकाऊपणाचा प्रश्न अशा रीतीने बव्हंशी सुटला आहे. पहिल्या तीन महिन्यांतील जगण्याचा प्रश्न मात्र रुग्णालयात नव्हे, तर घरी उभा राहतो. मराठी घर हे परंपरेने जमिनीलगतचे घर आहे. जेवण, पूजा, भाजी निवडणे, कपडे धुणे, झोपणे आणि शौच ही सारी कामे जमिनीच्या पातळीवर होत आली. नव्या सांध्याला नेमकी हीच पातळी वर्ज्य असते.

नव्वद अंशांचा अर्थ

शस्त्रक्रिया खुब्याच्या मागील बाजूने झाली असल्यास रुग्णास साधारणतः तीन गोष्टी टाळण्यास सांगितले जाते : खुबा नव्वद अंशांपेक्षा अधिक वाकविणे, पाय शरीराच्या मध्यरेषेपलीकडे नेणे आणि पाय आतील बाजूस वळविणे. सांध्याभोवतीचे स्नायू व आवरण भरून येईपर्यंत, म्हणजे सहा ते बारा आठवडे, या हालचालींनी गोळा वाटीतून निखळू शकतो. पुढील बाजूने केलेल्या शस्त्रक्रियेत पथ्ये निराळी असतात. अलीकडे अनेक शल्यचिकित्सकांनी ती बरीच शिथिलही केली आहेत. म्हणून शेजाऱ्याला मिळालेल्या सूचना स्वतःला लागू करणे धोक्याचे ठरते. (आपल्याकडे नेमके हेच सर्वाधिक घडते.)

‘नव्वद अंश’ हे शब्द रुग्णाच्या हाती काहीच देत नाहीत. अंश भूमितीत असतात. घरात असतात पाट, चौरंग, खाट आणि खुर्ची. या मापाचा व्यवहारातील अर्थ एवढाच, की बसल्यावर गुडघा खुब्यापेक्षा वर जाता कामा नये. गुडघ्यामागील खळगीपासून जमिनीपर्यंतचे अंतर टेपने मोजावे आणि बैठक त्याहून दोन-तीन इंच उंच करावी. हे मोजमाप शस्त्रक्रियेपूर्वीच घेणे श्रेयस्कर. मऊ सोफा या कसोटीवर पाटाइतकाच नापास ठरतो, कारण त्यात माणूस खचतो. योग्य उंचीच्या खुर्चीत बसूनही टीपॉयवरील पेला घेण्यासाठी पुढे झुकले, तर मर्यादा ओलांडली जातेच. धोका बसण्यात जितका, तितकाच तो हात पोहोचविण्यात असतो.

पाट, विळी आणि मोरी

खाटेच्या पायांखाली भक्कम लाकडी ठोकळे लावून ती उंच करता येते. सुट्या विटा घसरतात, त्या टाळाव्यात. झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी ठेवल्यास झोपेत पाय एकमेकांवर जात नाहीत. खुर्चीला हात असावेत. उठताना प्रथम कडेला सरकावे, शस्त्रक्रिया झालेला पाय पुढे ठेवावा आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठावे. सलवार वा पायजमा घालताना तो पाय आधी घालावा, काढताना शेवटी काढावा. जमिनीवरील वस्तू लांब दांड्याच्या चिमट्याने उचलता येते.

स्वयंपाकघरात ओट्याची सोय बहुतेक घरांत झाली असली, तरी विळी अजूनही जमिनीवरच आहे. काही महिने विळीऐवजी ओट्याजवळ उंच स्टुलावर बसून सुरी वापरणे भाग पडते. रोज लागणारे डबे कमरेच्या उंचीवर आणावेत. तळाच्या कप्प्यातील पिठाचा डबा आणि माळ्यावरील परात दोन्ही सारखेच निरुपयोगी. वॉकर दोन्ही हात गुंतवून ठेवतो, त्यामुळे चहाचा कप एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेणेही अशक्य होते. वॉकरला पुढे कापडी पिशवी बांधून त्यात झाकणाची बाटली ठेवणे हा साधा उपाय आहे.

उंबरठा, दारातील पायपुसणे, सतरंजीची दुमडलेली कड आणि मोरीतील साबणाचे पाणी यांवर पाय अडखळतो किंवा घसरतो. न्हाणीघरात प्लॅस्टिकची हलकी खुर्ची ओल्या फरशीवर सरकते; पायांना रबरी टोप्या असलेले उंच स्टूल आणि भिंतीत पक्का बसविलेला दांडा यांना पर्याय नाही.

शौचालयाची अडचण

या विषयात सर्वांत कमी बोलली जाणारी बाब हीच. उकिडवे बसताना खुबा नव्वद अंशांच्या बराच पलीकडे वाकतो. त्यामुळे देशी पद्धतीचे शौचालय सुरुवातीच्या काळात सर्वस्वी वर्ज्य ठरते. पाश्चात्त्य पद्धतीचे भांडेही अनेकदा बुटके असते व त्यावर उंच बैठक बसवावी लागते. देशी भांड्यावर ठेवण्याजोगी, मध्ये छिद्र असलेली लोखंडी चौकटीची खुर्ची वैद्यकीय साहित्याच्या दुकानांत मिळते. चाळीतील सामाईक शौचालयात मात्र ती रोज नेणे-आणणे हाच एक प्रश्न होतो. तेथे खोलीतच सोय करावी लागते आणि रुग्णाच्या संकोचाची जबाबदारी घरच्यांवर येते.

या संकोचापायी रुग्ण पाणी पिणेच कमी करतात. त्यातून बद्धकोष्ठता व मूत्रमार्गाचा संसर्ग संभवतो. शरीरातील पाणी घटल्यास पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही वाढतो. पोटरी दुखून सुजणे, अचानक धाप लागणे, जखमेतून स्राव येणे किंवा एकाएकी तीव्र कळ येऊन पाय आखूड भासणे, यांपैकी काहीही आढळल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

मदतीची मात्रा

मराठी कुटुंब रुग्णाची सेवा मनापासून करते, पण ती बहुधा ‘बसून राहा’ या आज्ञेने सुरू होते. या शस्त्रक्रियेत चालणे हाच उपचाराचा भाग आहे. सक्तीच्या विश्रांतीने स्नायू दुबळे होतात आणि पडण्याची भीती अधिकच घर करते. रुग्ण स्त्री असेल तर चित्र उलटेही दिसते. बसून घेण्याची सवय नसलेली गृहिणी तिसऱ्या आठवड्यातच केर काढावयास वाकते आणि घरात कोणी तिला अडवीत नाही. दोन्ही प्रसंगी कमी पडते ती कामांची वाटणी. कोणते काम रुग्णाने स्वतः करावयाचे आणि कोणते इतरांनी, हे शस्त्रक्रियेपूर्वीच ठरलेले बरे. वाकून नमस्कार, सत्यनारायणाच्या पूजेची बैठक, दारातील रांगोळी हे प्रश्न वरवर किरकोळ वाटतात. ज्येष्ठांच्या मनाला मात्र तेच अधिक लागतात. खुर्चीवर बसून पूजा चालेल, हे घरातील कर्त्या माणसाने आधीच सांगून टाकावे. पुढे कायमचे जमिनीवर बसता येईल किंवा कसे, याचे एकच उत्तर नाही. सांध्याचा प्रकार व शस्त्रक्रियेची पद्धत यांनुसार ते आपल्या शल्यचिकित्सकाकडूनच घ्यावे.

कामावर परतताना

हे रुग्ण केवळ वृद्ध असतात असे नाही. विदर्भ व नंदुरबार परिसरातील आदिवासी समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल आजारात तरुणपणीच खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. असा तरुण शेतावर, कारखान्यात किंवा वर्गात परततो. एस.टी.ची पहिली पायरी त्याला प्रथम अडवते. चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी, हा नियम तेथेही लागू पडतो; काठी विरुद्ध बाजूच्या हातात असावी.

महाविद्यालयात परतणाऱ्या प्राध्यापकासाठी प्राचार्यांना फारसा खर्च न करता बरेच काही करता येते. एका सत्रापुरते तासिकांचे वेळापत्रक तळमजल्यावर आणणे, फळ्याशेजारी उंच स्टूल ठेवणे आणि परीक्षेच्या पर्यवेक्षणात तीन तास उभे राहण्यातून सूट देणे, यांसाठी कोणत्याही अनुदानाची गरज नाही. वर्गातील व्यासपीठाला बहुधा कठडा नसतो. तेथे एक दांडा बसवून घेण्यास सुताराला अर्धा दिवस पुरतो.