देवाचा पलंग आणि आईची खाट

पंढरपुरात आईवडिलांच्या सेवेचा विषय निघाला, की पुंडलिकाचं नाव आल्याशिवाय राहत नाही. देव दारात आला तरी पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपायचा थांबला नाही. देवाला उभं राहायला वीट फेकली आणि देव अजून तिथंच उभा आहे. ही गोष्ट आम्हा पंढरपूरकरांना बाळकडूबरोबरच पाजलेली असते. कीर्तनांत ती असंख्य वेळा ऐकली, शाळेत मुलांना मी स्वतः सांगितली. पण पाय चेपण्यापलीकडे पुंडलिक दिवसभर नेमकं काय करत होता, ते काही कोणी सांगत नाही. म्हातारी माणसं आजारी पडली असतील, अंथरूण ओलं झालं असेल, रात्री-अपरात्री उठावं लागलं असेल, तोंडात घातलेला घास बाहेर आला असेल. ‘सेवा’ या दोन अक्षरांत हे सगळं कोंबून आपण मोकळे होतो. २०२३ साली आईच्या दुखण्यात ४७ दिवस सोलापूरच्या एका रुग्णालयात काढले, तेव्हा या दोन अक्षरांची फोड करायची वेळ माझ्यावर आली.

त्या वर्षी ३ जूनला वटपौर्णिमा होती. ७१ व्या वर्षीही आईनं कडक उपास केला. संध्याकाळी पोटात दुखू लागलं तेव्हा ‘उपासानं पित्त झालं असेल’ असं तीच म्हणाली. रात्री उलट्या सुरू झाल्या, दुसऱ्या दिवशी पोट फुगलं. पंढरपुरातल्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि सरळ सोलापूर गाठायला सांगितलं. मोहोळमार्गे सत्तरेक किलोमीटरचा तो रस्ता जन्मभर एस.टी.नं केलेला, रुग्णवाहिकेतून तो फार लांब वाटतो. वीस वर्षांपूर्वी आईची गर्भपिशवी काढली होती. अशा ऑपरेशननंतर पोटात आतल्या आत चिकटपट्टे तयार होतात, वर्षानुवर्षं गप्प पडून राहतात आणि एखाद्या दिवशी आतड्याला पीळ घालतात. आईच्या आतड्याचा वीतभर भाग काळा पडला होता. ५ जूनला तो कापून टोकं जोडली. सहाव्या दिवशी ताप चढला. जोड सुटला होता. म्हाताऱ्या, अशक्त शरीरात हे होऊ शकतं, याची कल्पना डॉक्टरांनी आधीच दिली होती. पण कल्पना असणं वेगळं आणि पुन्हा त्याच दारातून आईला आत जाताना पाहणं वेगळं. तो ११ जूनचा दिवस. आळंदीहून माउलींची पालखी त्याच दिवशी निघाली.

दुसऱ्या ऑपरेशनमध्ये डॉक्टरांनी आतड्याचं तोंड पोटावर काढून तिथं पिशवी लावली. आतला जोड सुकेपर्यंत मळ त्या पिशवीत यायचा आणि काही महिन्यांनी ते तोंड पुन्हा बंद करायचं, असा बेत होता.

अतिदक्षता विभागातले पुढचे नऊ दिवस आई आमच्यात नव्हती. यंत्रांचे टिकटिक आवाज तिला टाळांसारखे ऐकू येत. आमच्याकडे दरवर्षी आषाढीला एक दिंडी उतरते. तिच्यासाठी शंभरेक भाकऱ्या थापायच्या असत. ‘पीठ दळून आणलं का? माणसं वाखरीला आली, नि तू बसलास काय!’ असं ती मला रागावे. कधी मला मामाच्या नावानं हाक मारी. मी हादरलो होतो. पोट बरं होईल, पण आई परत येईल का, हा प्रश्न तोंडानं विचारायचीही भीती वाटे. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं, की मोठ्या शस्त्रक्रियेनंतर म्हाताऱ्या माणसांना असा भ्रम पुष्कळदा होतो आणि बहुतेकांचा तो उतरतो. त्याला औषधापेक्षा साध्या गोष्टींचा उपयोग जास्त. चष्मा लावा, ऐकायचं यंत्र असेल तर ते द्या, दिवसा उजेड आणि रात्री अंधार राहू द्या, ओळखीचं माणूस दिसू द्या, वार-तारीख सांगत राहा. तिच्याशी वाद घालू नका.

मी चष्मा आणला आणि घरच्या भिंतीवरचं ‘कालनिर्णय’ काढून आणलं. रोज सकाळी भेटीच्या वेळेत तिच्यापुढे धरून तिथी सांगू लागलो. पाचव्या की सहाव्या दिवशी मी तिथी सांगितली आणि ती म्हणाली, ‘अरे, ती कालची.’ मी पुन्हा पाहिलं. तिचंच बरोबर होतं. आमच्याकडे पंचांग चुकलेलं तिनं कधी खपवून घेतलं नव्हतं.

२० जूनला ती बायकांच्या वॉर्डात आली आणि खरं काम तिथून पुढं सुरू झालं. ऑपरेशन झालं की पेशंट वाचला, असं आपण धरून चालतो. सर्जनचं काम काही तासांचं असतं, त्यानंतर शरीराला उभं करायचं काम आठवड्यांचं असतं आणि त्यातला मोठा वाटा आपल्याकडे नातेवाइकांवर पडतो. वॉर्डात एक सिस्टर किती खाटांना पुरणार? इंजेक्शनं, सलाइन, ड्रेसिंग यातच तिची पाळी संपते. दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे पाठीला शय्याव्रण होत नाही. अंग पुसताना घड्यांमधली कातडी कोरडी करायची. लघवी किती झाली, ते मोजून लिहायचं. हे सगळं घरच्या माणसानं करायचं, आणि शिकवायला कोणाला फुरसत नाही. मला एका वॉर्डातल्या मावशींनी शिकवलं. चादर गुंडाळत आणून खाली सरकवायची नि पेशंटला न उचलता ती बदलायची, ही विद्या त्यांच्या हातात होती. ‘गुरुजी, ओढू नका, लोळवा,’ म्हणायच्या. कर्नाटकात ‘नूरा हेल्थ’ या संस्थेनं २०१४ च्या सुमारास रुग्णांच्या नातेवाइकांना अशा गोष्टी रीतसर शिकवायला सुरुवात केली. घरी सोडण्यापूर्वी तासभराचा असा वर्ग प्रत्येक रुग्णालयात का असू नये, ते मला कळत नाही.

छातीत कफ साचू नये म्हणून तीन रंगीत गोट्यांचं एक यंत्र देतात. नळीतून श्वास ओढायचा आणि गोट्या वर चढवायच्या, दर तासाला दहा वेळा. टाके ओढले जात, आई दोन श्वासांत थांबे. मग तिनंच युक्ती काढली. एकेका श्वासाला पालखीचा एकेक मुक्काम. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण... नातेपुते येईपर्यंत दम लागे. चालायला लागल्यावरही तेच. खाटेपासून दारापर्यंत पहिले काही दिवस दिवेघाट होता. मी मोजणीत ढवळाढवळ केली नाही. पेशंटनं स्वतः शोधलेल्या युक्तीपुढं आपल्या उत्तेजनाची मातब्बरी नसते.

भेटायला येणाऱ्यांबद्दल लिहायला हवं. पंढरपूरची माणसं प्रेमळ. सोलापूरला कामाला आलेला प्रत्येक जण डोकावून जाई. कोणी ‘काही होत नाही हो’ म्हणे, कोणी अशाच आजारात गेलेल्या आत्याची हकीगत सांगे, कोणी दाराशी उभं राहून कुजबुजे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८५९ साली शुश्रूषेवर जे पुस्तक लिहिलं, ते घरोघरी आजाऱ्याचं करणाऱ्या साध्या बायकांसाठी होतं. त्यात पोकळ धीर आणि फुकट सल्ले देणाऱ्या मंडळींवर तिनं एक स्वतंत्र प्रकरणच खर्ची घातलं आहे. पेशंटच्या अंगाशी कुजबुजण्याचाही तिला संताप होता. सोलापूरच्या वॉर्डात बसून लिहिल्यासारखं वाटतं! आम्ही शेवटी पाहुण्यांना कामं वाटली. कोणी डबा आणायचा, कोणी तासभर बसायचं म्हणजे मला आंघोळीला जाता येईल. ज्यांना कामं मिळाली ते पुन्हा पुन्हा आले.

पैशांविषयी थोडक्यात. रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत होतं, म्हणून बिलाचा मोठा भाग सुटला. ही योजना २०१२ साली राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली आणि २०१७ पासून आताच्या नावानं चालते. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नावाचा माणूस बसलेला असतो. भरती करताना आधी त्याला गाठावं.

बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषाला थांबू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. त्यामुळं दिवस माझा आणि रात्र बायकोची किंवा पुण्याहून आलेल्या बहिणीची. मी बाहेर व्हरांड्यात चटई टाकून पडे. सकाळी लोक म्हणत, ‘श्रावणबाळ आहात हो!’ रात्रभर जागून लाल डोळ्यांनी बाहेर येणाऱ्या माझ्या बायकोला तसं काही म्हणावं, असं कोणाला सुचलं नाही. पुंडलिकाच्या कथेतही हेच. काशीला निघाल्याच्या प्रसंगात त्याची बायको असते, पुढं सेवा सुरू झाली की तिचं नाव निघत नाही. पाय त्यानं चेपले असतील. पेज कोणी शिजवली?

सगळ्यात अवघड होती ती पोटावरची पिशवी. आमच्या घरी नैवेद्य सोवळ्यात होतो. आई पारोश्यानं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नाही. ‘हे घेऊन मी देवघरात कशी जाऊ?’ एवढं एकदाच म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून पडली. ११ दिवस तिनं तिकडं पाहिलंही नाही. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. लहान आतड्यातलं पाणी कातडीला लागलं की भाजल्यासारखं होतं, म्हणून खालच्या चकतीचं भोक त्या तोंडाच्या मापानं बरोबर कापायचं. शिवाय शरीरातलं पाणी आणि मीठ भसाभस बाहेर जातं, ते भरून काढायला मीठ घातलेली पेज, ताक, जलसंजीवनी घोटघोट देत राहायचं. साली, बिया, दाणे बंद. सोलापुरात राहून शेंगाचटणी बंद, याची चेष्टा सुद्धा तिला सोसत नव्हती. मी पिशवी रिकामी करायला लागलो की ती डोळे मिटून घेई. ज्या हातानं माझं सगळं केलं, त्या हातांना आता माझ्याकडून करून घ्यायचं होतं. तिला दुखण्याहून ते जड जात होतं. मला किळस येत नव्हती, हे मी तिला सांगून उपयोग नव्हता.

एका रात्री दोन वाजता चकती सुटली. बायको शेजारच्या स्टुलावर बसल्या बसल्या झोपली होती. आईनं तिला उठवलं नाही. हाताशी असलेल्या टॉवेलनं तिनं स्वतः ते धरून ठेवलं, तासभर, सिस्टर फेरीला येईपर्यंत. सकाळी मी गेलो तर म्हणाली, ‘ती कात्री दे इकडं. कसं कापायचं ते दाखव.’ पहिली चकती वाकडी कापली गेली, दुसरी जमली. मी हात पुढं केला तेव्हा माझ्या हातावर तिनं चापट मारली. त्या दिवसापासून माझं काम कमी झालं आणि नुसतं पाहत राहणं वाढलं. ते जास्त कठीण होतं. ती बटण लावायला पाच मिनिटं घेई, आणि आपण दहा सेकंदांत लावू शकतो हे माहीत असून गप्प बसायचं. चमचा हातातून घ्यायचा नाही, उठताना काखेत हात घालायचा नाही. फक्त पडली तर धरता येईल इतक्या अंतरावर उभं राहायचं.

२९ जूनला आषाढी एकादशी झाली. यात्रेआधी मंदिरात देवाचा पलंग काढतात, म्हणजे शेजारती बंद, झोप बंद आणि रात्रंदिवस दर्शन चालू. थकलेल्या देवाच्या पाठीशी मऊ लोड देतात. डॉक्टर फेरीला आले तेव्हा आई त्यांना म्हणाली, ‘डॉक्टर, तिकडं देवाचा पलंग निघाला. माझा कधी काढणार?’ ते सोलापूरचेच; त्यांना बरोबर कळलं. ‘आजी, देव उभा राहू शकतो. तुम्ही आधी खिडकीपर्यंत चालून दाखवा.’ त्या दिवशी ती खिडकीपर्यंत गेली. दिंडीसाठी त्या वर्षी शेजारच्या घरातून भाकऱ्या गेल्या, आणि दिंडीतल्या दोघी जणी एकादशी सोडल्यावर एस.टी.नं सोलापूरला येऊन तिच्या उशाशी बुक्का ठेवून गेल्या.

यात्रा संपल्यावर मंदिरात प्रक्षाळपूजा होते. उभं राहून शिणलेल्या देवाला ऊन पाण्यानं स्नान, पायांना लिंबू-साखर, रात्री काढा आणि मग पुन्हा पलंग. लहानपणापासून हे पाहत आलो, पण आईचे पाय कोमट पाण्यानं पुसत असताना पहिल्यांदा लक्षात आलं, की पुंडलिकाच्या गोष्टीत सेवेचा जो तपशील नाही तो इथं दरवर्षी करून दाखवतात. पाठीला लोड, अंगाला पाणी, पायाचा शीण, पोटात काढा. वॉर्डातल्या मावशींना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मग देवाचं बरं आहे, त्याला कूस बदलावी लागत नाही.’

२२ जुलैला आम्ही घरी आलो. अधिक श्रावण लागला होता. देवघराच्या उंबऱ्याशी आई क्षणभर थांबली, मग वॉकर बाहेर ठेवून भिंतीला धरत आत गेली आणि समईची वात सारखी केली. कोणी काही बोललं नाही. मार्गशीर्षात पोटावरचं तोंड बंद करायचं तिसरं ऑपरेशन झालं. त्या खेपेला रुग्णालयात नऊच दिवस लागले. गोट्यांचं यंत्र तिनं घरूनच पिशवीत भरून नेलं होतं.

वॉकर तेव्हापासून आमच्या गल्लीत फिरतो आहे. आता तो तिसऱ्या घरी आहे. गेल्या वर्षी पलीकडच्या वाड्यातल्या आजोबांना तशीच पिशवी लागली. त्यांचा मुलगा संध्याकाळी बिचकत आमच्याकडे आला आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारू लागला. आतून आईनं ऐकलं. ‘त्याला काय विचारतोस? इकडं ये,’ म्हणाली आणि त्याला आधी कात्री आणायला सांगितली.