चिखलात रुतणारे चाक

पर्वत पाटियाहून कडोदऱ्याकडे जाताना वस्ती मागे पडली, की काळी जमीन लागते. पावसाळ्यात ती चाक धरून ठेवते. "रुंद टायर लावा," असे पुष्कळ बंधू म्हणतात. आमच्या मते ते अर्धेच खरे आहे.

चिखल चार बोटांचा व खाली जमीन टणक असेल, तर अरुंद टायर बरा. तो चिखल कापून तळाला टेकतो. चिखल खोल असेल, तर रुंद टायर बरा. वजन पसरते व चाक कमी रुतते. थंड मुलखात बर्फातही असेच घडते.

टायरच्या दात्यांत चिखल भरला, की चाक जागच्या जागी फिरते. म्हणून दाते झिजलेले नसावेत. ट्रॅक्टर मागून पाहावा. मागच्या टायरवरील दात्यांचे टोक वर असावे, म्हणजे चिखल बाजूंनी निघून जातो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवू या. रुतलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांना ओंडका कधीही बांधू नये. चाक अडले, की पुढचा भाग उचलला जातो व ट्रॅक्टर क्षणात चालकावर उलटतो. चाकापुढची माती उकरावी, दुसऱ्या ट्रॅक्टरची मदत घ्यावी. शेतकाम उद्याही होईल. घरचा माणूस पुन्हा मिळणार नाही.