बुलेट ट्रेनचा हिशेब

बुलेट ट्रेनचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एकाला ती प्रगतीची खूण वाटते, दुसऱ्याला श्रीमंतांचे चोचले. माझा मामेभाऊ बोईसरला राहतो. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे एक स्थानक तिथे होणार आहे. त्याने मला साधाच प्रश्न विचारला, "ती गाडी आली की आमच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळेल का?" मला वाटते, सगळ्या वादाचे मर्म या प्रश्नात आहे.

सुरुवात जपानपासून करू. टोकियो-ओसाका ही पहिली शिंकानसेन १ ऑक्टोबर १९६४ रोजी धावली. ती केवळ वेगाच्या हौसेपोटी बांधली, असा आपला समज असतो. खरे कारण वेगळे होते. त्या शहरांमधला जुना लोहमार्ग गाड्यांनी भरून गेला होता. नवा मार्ग टाकायचाच, तर तो वेगवान टाकू, असा विचार झाला. खर्च मूळ अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट झाला. रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो आणि प्रमुख अभियंते हिदेओ शिमा या दोघांनाही उद्घाटनाआधी, १९६३ सालीच, पद सोडावे लागले. पण वाटेवर मोठमोठी शहरे ओळीने असल्याने गाडी भरून धावली.

तैवाननेही जपानी बनावटीच्या गाड्या घेतल्या. तिथे २००७ साली सेवा सुरू झाली. सुरुवातीला अपेक्षेइतके प्रवासी आले नाहीत, कंपनी कर्जाखाली दबली आणि सरकारला धावून यावे लागले. पुढे प्रवासी इतके वाढले की, तैपेई-काओशुंग विमानसेवा २०१२ साली बंद पडली. म्हणजे लोकांना गाडी हवीहवीशी आणि हिशेब मात्र तोट्यात, असेही घडू शकते.

हे का होते? ताशी ३२० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीला झटकन वळता येत नाही. वळणाची त्रिज्या काही हजार मीटर ठेवावी लागते. त्यामुळे वाटेतला डोंगर, गाव किंवा शेत चुकवणे अवघड जाते. फाटक चालत नाही, म्हणून बहुतेक मार्ग खांबांवर उभारायचा. मुंबईत तर २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातला सात किलोमीटरचा भाग ठाण्याच्या खाडीखालून. हा सगळा खर्च पहिला प्रवासी बसण्याआधीच होतो आणि गाडी रिकामी धावली म्हणून तो कमी होत नाही.

आता आपला हिशेब मांडू. सप्टेंबर २०१७ मध्ये भूमिपूजन झाले, तेव्हा खर्चाचा अंदाज १ लाख ८ हजार कोटी रुपयांचा होता. त्यातले ८१ टक्के जपानचे कर्ज. व्याज अवघे ०.१ टक्का, मुदत ५० वर्षे, पहिली १५ वर्षे मुद्दल फेडायचे नाही. ऐकायला हे जवळजवळ फुकट वाटते. पण उरलेल्या ३५ वर्षांत साधारण ८८ हजार कोटी फेडायचे, म्हणजे रोजचे सुमारे सात कोटी. मूळ आराखड्यात रोज ७० फेऱ्या आणि दर गाडीत ७५० आसने धरली होती. सगळी आसने भरली, तरी प्रत्येकी सुमारे तेराशे रुपये निव्वळ मुद्दलाचे. निम्मीच भरली, तर सव्वीसशे. वीज, पगार, देखभाल वेगळी. शिवाय कर्ज येनमध्ये आहे. येन महागला की हप्ताही फुगणार. त्यातच पहिली मुदत टळून गेली आहे आणि खर्च वाढला आहे.

मग फायदा नाहीच का? आहे. ५०८ किलोमीटरचे अंतर मोजक्या थांब्यांच्या गाडीने दोन तासांच्या थोडे वर कापले जाईल. विमानतळावर आधी जाऊन ताटकळण्याचा वेळ धरला, तर विमानही मागे पडेल. सुरत, वडोदरा, वापी इथल्या उद्योगांना त्याचा लाभ होईल.

पण मार्गापैकी सुमारे १५६ किलोमीटर आणि बारांपैकी चार स्थानके महाराष्ट्रात आहेत. जमीन गेली ती पालघरच्या शेतकऱ्यांची, आदिवासींची. खारफुटीची वीस हजारांवर झाडे तोडायला डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने परवानगी दिली. यातले कितीजण तिकीट काढून अहमदाबादला जातील?

त्यांच्या पदरात काही पडायचे असेल, तर ते जुन्या रुळांवरच. विरारच्या पुढे वर्षानुवर्षे दोनच रुळांवरून लोकल, मेल आणि मालगाड्या धावत आल्या. म्हणूनच विरार-डहाणू चौपदरीकरण हाती घेतले गेले. लांब पल्ल्याचे प्रवासी नव्या मार्गावर गेले आणि जुन्या मार्गावर मोकळी झालेली वेळ लोकलला मिळाली, तर टोकियोचा धडा आपण गिरवला असे म्हणता येईल. मात्र ते आपोआप होत नाही. वेळापत्रक कुणीतरी ठरवते आणि तिथे आपला आवाज लागतो.

मामेभावाला मी एवढेच सांगितले, "जागा मिळू शकते. पण ती आत्तापासून मागावी लागेल."