विमान उतरल्यानंतरची मजल

परदेशी स्थायिक झालेल्या मुलामुलींकडे चार-सहा महिने राहून परतणारी आपल्याकडची वडीलधारी माणसे प्रवासाचा हिशेब करतात तो विमान उतरते तिथपर्यंतच, आणि घरी वाट पाहणारे नातलगही 'मुंबईला सुखरूप उतरले' एवढा निरोप हाती आला की निर्धास्त होतात. परंतु नांदेडच्या किंवा लातूरच्या माणसाला मुंबईचा विमानतळ लागला म्हणजे घर लागले असे नव्हे, तिथून त्याचा दुसरा आणि पुष्कळ अर्थांनी अधिक कष्टाचा प्रवास सुरू व्हायचा असतो. न्यूयॉर्क ते मुंबई हे सुमारे साडेबारा हजार किलोमीटरांचे अंतर थेट विमान चौदा-पंधरा तासांत तोडते, आणि मुंबईहून नांदेडपर्यंतच्या सहाशे किलोमीटरांना देवगिरी एक्सप्रेस अकरा-बारा तास घेते. त्यातही परदेशातून येणारी पुष्कळशी विमाने मुंबईत मध्यरात्रीच्या आगेमागे उतरतात, तर मराठवाड्याकडे जाणारी देवगिरी काय, लातूर एक्सप्रेस काय, किंवा ज्यांना सर्वजण नुसते 'ट्रॅव्हल्स' म्हणतात त्या खासगी शयनबसेस काय, बहुतेक रात्रीच निघतात. त्यामुळे पहाटेची तपोवन एक्सप्रेस साधली नाही तर एक सबंध दिवस सामानाच्या पेट्या सांभाळत कुठेतरी काढावा लागतो. हा मधला दिवस आणि ती शेवटची रात्र मिळवली, की अखेरच्या सहाशे किलोमीटरांचा काळ पहिल्या साडेबारा हजारांहून अधिक भरतो.

पूर्वी हे प्रमाण उलटे होते. १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाल्यानंतरही विलायतेहून मुंबईस येण्यास आगबोटीला आठवड्यांच्या हिशेबात वेळ लागे. गोदीतून बोरीबंदर स्थानक गाठावे, रात्रीच्या गाडीने मनमाडला उतरावे, आणि तिथे रुंद मार्गाची गाडी सोडून सगळ्या सामानसुमानासह मीटरगेजच्या डब्यात शिरावे, हा नांदेडकरांचा शिरस्ता. कारण मनमाडहून गोदावरीच्या खोऱ्याने हैदराबादेकडे जाणारा निजाम सरकारचा लोहमार्ग मीटरगेज होता, आणि तो रुंद व्हायला विसाव्या शतकाचे शेवटचे दशक उजाडावे लागले. लातूरच्या प्रवाशाची तऱ्हा आणखी निराळी. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे (स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्ये), आणि तिथे पोचायचे तर एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने उभारलेल्या, १८९७ मध्ये सुरू होऊन पुढे लातूरपर्यंत वाढवलेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी रुळांवरून, कुर्डुवाडीहून, डुलत डुलत जावे लागे. शिवाय मुंबईस इंग्रज सरकारची जकात चुकती करून आलेल्या गृहस्थाचा पिच्छा तेवढ्याने सुटत नसे. निजामाच्या मुलखात शिरताना करोडगिरीचा, म्हणजे तिथल्या जकातीचा, अंमलदार पुन्हा पेट्या उघडायला लावी, आणि बाजारात चलन चाले ते निजामाच्या स्वतःच्या हाली सिक्क्याचे.

असे असूनही त्या प्रवाशास एक सवलत होती, जी आजच्या प्रवाशाला कोणत्याही वर्गाचे तिकीट काढून मिळत नाही. आगबोट दररोज थोडेथोडे रेखांश ओलांडीत असे आणि तिच्यावरचे घड्याळही त्या मानाने पुढे सरकवले जाई, त्यामुळे धक्क्यावर पाय ठेवणारा मनुष्य समुद्र लागून कितीही हैराण झालेला असो, त्याची निद्रा आणि त्याची क्षुधा मुंबईच्या घड्याळाशी आधीच जुळलेली असे. यावरून जुना प्रवास सुखाचा होता असा अर्थ मात्र कोणी काढू नये. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची एम.डी. पदवी १८८६ मध्ये संपादन केलेल्या आनंदीबाई जोशी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क सोडून नोव्हेंबरात मुंबईस आल्या तेव्हा क्षयाने जर्जर झालेल्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूक होऊनही ती जागा त्यांना कधी सांभाळता आली नाही, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात त्यांचे निधन झाले. दुखणे अमेरिकेतच जडले होते, हे खरे. परंतु दुखणाईत शरीराने दोन महासागर ओलांडणे म्हणजे काय, याचा याहून करुण दाखला आपल्याकडे नाही.

घड्याळाशी हळूहळू जुळण्याची ती सवलत विमानाने काढून घेतली. आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या चेतातंतूंचे जुडगे जिथे एकमेकांना छेदतात त्या चौकाच्या किंचित वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. शरीराचे तापमान केव्हा उतरावे, झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक केव्हा स्रवावे, भूक केव्हा लागावी, या सगळ्याचा बंदोबस्त या पुंजक्याकडे असतो, आणि डोळ्यांवाटे येणाऱ्या उजेडावरून तो आपली वेळ रोज दुरुस्त करून घेतो. पेशींमधले हे घड्याळ चालते कसे, याचा उलगडा फळमाशीवर प्रयोग करून करणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. मनुष्याच्या बाबतीत या घड्याळाची मुळातली फेरी चोवीस तासांहून दहा-बारा मिनिटांनी लांब असते, असे काळजीपूर्वक केलेल्या मोजमापांतून दिसून आले आहे. आणि हेच 'जाताना काही वाटलं नाही, येताना मात्र आठ दिवस झोप उलटी झाली' या आपल्याकडच्या नेहमीच्या तक्रारीचे मूळ होय. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, आणि आधीच रेंगाळण्याकडे कल असलेल्या घड्याळास लांबलेला दिवस मानवतो. पूर्वेकडे परतताना दिवस आखडतो, घड्याळाला पुढे ओढावे लागते, आणि ते कुरकुरत, दिवसाकाठी जेमतेम एखादा तास, पुढे सरकते.

लंडनहून परतणाऱ्यास साडेचार किंवा साडेपाच तासांचे अंतर भरून काढायचे असते, म्हणजे चार-सहा दिवसांचे काम. न्यूयॉर्कचे अंतर साडेनऊ-साडेदहा तासांचे, आणि कॅलिफोर्नियाचे तर साडेबारा-साडेतेरा तासांचे, म्हणजे अक्षरशः दिवसाची रात्र; तिथे शरीराला पुढे सरकावे की मागे, हेच उमगत नाही, आणि यकृत एका वेगाने तर मेंदू दुसऱ्याच वेगाने नव्या वेळेशी जुळवून घेत असल्याने, डोळ्यांवर झोप आणि पोटात भूक अशी विसंगत अवस्था आठवडाभर टिकते. कॅलिफोर्नियाहून आलेले आजोबा नांदेडच्या घरात रात्री अडीच वाजता स्वयंपाकघराचा दिवा लावून डबे धुंडाळू लागले, तर त्यात वार्धक्याचा दोष नाही. त्यांच्या शरीरात त्या वेळी दुपारचे दोन वाजलेले असतात.

घड्याळाखेरीज हवेचाही एक भाग आहे. विमानाच्या आत हवेचा दाब कृत्रिमरीत्या राखलेला असतो, पण तो जमिनीइतका नसतो. समुद्रसपाटीपासून सुमारे अठराशे ते चोवीसशे मीटर उंचीवर जसा असावा तसा असतो. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरांचे आहे. म्हणजे जो साठी-सत्तरीचा मनुष्य कळसूबाईच्या पायथ्याशीही गेलेला नसतो, तो तिच्या माथ्यापेक्षाही विरळ हवेत पंधरा तास बसून येतो, आणि ती हवा आपल्याकडच्या ऐन वैशाखातल्या हवेसारखी कोरडी असते. घसा सुकणे, डोके जड होणे हे त्यातून उद्भवते. स्वच्छतागृहापर्यंत उठून जाण्याच्या संकोचाने पाणी न पिणारी आपल्याकडची माणसे, विशेषतः स्त्रिया, या त्रासात स्वतःहून भर घालतात, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

बसून राहण्याचा धोका याहून गंभीर आहे. चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून प्रवास केला की पायांच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता सुमारे दुप्पट होते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अभ्यासात आढळले. मुळातली शक्यता लहान आहे, सहा हजार प्रवाशांमागे एक अशी, म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष मराठवाड्याच्या प्रवाशाने नीट ध्यानात घेण्याजोगा आहे. हा धोका एकट्या विमानाचा नाही, तो रेल्वे, बस आणि मोटार यांनाही लागू आहे, आणि तो प्रवास संपला म्हणून त्याच दिवशी संपत नाही, काही आठवडे मागे राहतो. पंधरा तास विमानात बसलेला मनुष्य उतरताच आणखी दहा तास मोटारीच्या मागच्या आसनावर, दोन पेट्यांच्या मध्ये गुडघे दुमडून बसतो, तेव्हा तो एका जोखमीवर दुसरी चढवीत असतो.

आणि ती मोटार चालवतो कोण? घरचाच कोणी पुतण्या किंवा ओळखीचा चालक लातूरहून सकाळी निघतो, पाचशे किलोमीटर तुडवीत संध्याकाळी मुंबईस पोचतो, विमानतळाबाहेर मध्यरात्रीपर्यंत ताटकळतो, आणि पाहुणे गाडीत बसले की लगेच उलट फिरतो. प्रवाशाच्या झोपेची विचारपूस सगळे करतात, चालकाच्या झोपेची कोणी करत नाही, आणि मुक्काम करायचा नाही हा हुकूम बहुधा खर्च वाचवण्यासाठी दिलेला असतो. लाखभर रुपयांचे तिकीट काढणाऱ्या घरांनी खोलीचे दोन हजार वाचवावेत, ही काटकसर मला आजवर समजलेली नाही.

ज्यांच्या शरीराला घड्याळाचा फरक फारसा जाचला नाही, तरी घरी पोचेपर्यंत जे अर्धमेले झाले, अशा प्रवाशांचेही एक अलीकडचे उदाहरण आहे. शिकवणी वर्गांमुळे ज्याचे नाव राज्यभर झाले त्या लातुरातून आणि शेजारच्या नांदेडातून वैद्यकीय शिक्षणासाठी युक्रेनला गेलेली मुले फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्धात सापडली. २४ फेब्रुवारीस तिथले आकाश नागरी विमानांना बंद झाले. मुलांनी रेल्वेने, बसने, आणि शेवटचा पल्ला थंडीत पायी तुडवीत रुमेनिया, हंगेरी, पोलंडच्या सरहद्दी गाठल्या, आणि त्यांना परत आणण्यासाठी भारत सरकारने आखलेल्या 'ऑपरेशन गंगा' या मोहिमेचे पहिले विमान बुखारेस्टहून २१९ जणांना घेऊन २६ फेब्रुवारीच्या रात्री मुंबईस उतरले. युक्रेन आणि भारत यांच्या वेळेत हिवाळ्यात अवघा साडेतीन तासांचा फरक आहे. या मुलांच्या शिणाचा उगम घड्याळात नव्हता; जागरण, भीती आणि उपासमार यांचा तो शीण होता, आणि त्यावर कोणताही उजेड किंवा मेलाटोनिनची गोळी चालत नाही.

सर्वसाधारण प्रवाशाच्या हाती मात्र बरेच काही आहे, आणि त्यातले पहिले म्हणजे उतरण्याचे ठिकाण नीट निवडणे. नांदेड, देगलूर, उदगीर, निलंगा या भागांना मुंबईच्या मानाने हैदराबाद अर्ध्या अंतरावर आहे, आणि २००८ पासून शमशाबादचा विमानतळ आखाती देशांतील व युरोपातील विमानांनी जोडलेला आहे. १९५६ मध्ये ज्या राजधानीशी मराठवाड्याचे राजकीय नाते तुटले, तिच्याच वाटेने नातवंडे भेटून घरी यावे लागते, हा इतिहासाचा विनोद समजावा. नांदेडला स्वतःचा विमानतळ आहे. शीख धर्मीयांच्या गुरुता गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने २००८ मध्ये त्याचा विस्तार झाला आणि प्रादेशिक विमानसेवेच्या 'उडान' योजनेतील पहिल्या विमानांपैकी एक २७ एप्रिल २०१७ रोजी नांदेड–हैदराबाद मार्गावर धावले. पण इथल्या विमानसेवा सुरू होतात आणि खंडित होतात, असा आजवरचा अनुभव आहे. लातूरच्या धावपट्टीवर तर नियमित प्रवासी सेवा टिकलीच नाही. तेव्हा सहा महिने आधी परतीचे तिकीट काढताना शेवटचा टप्पा विमानाच्या भरवशावर सोडू नये. लातूरला प्रथमच येणाऱ्या जावयाला आणखी एक सूचना द्यावी: 'लातूर रोड' हे स्थानक लातूर नव्हे, ते तिथून तीसेक किलोमीटरांवर आहे.

दुसरी गोष्ट उजेडाची. सकाळचे कोवळे ऊन घ्यावे, हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला अमेरिकेहून आलेल्यास सरसकट वाईट नाही, परंतु युरोपातून आलेल्यास पहिले दोन दिवस तो उलटा पडू शकतो. कारण आपल्याकडच्या सूर्योदयाच्या सुमारास त्याच्या शरीरात अजून मध्यरात्र असते, आणि त्या वेळेचा उजेड घड्याळाला पुढे न नेता मागे ढकलतो. त्याने सकाळी दहाच्या सुमारास अंगणात किंवा गच्चीत बसावे. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत ठेवावी, जेवणे इथल्या वेळेस करावीत, आणि मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांच्या वेळा कशा फिरवायच्या हे निघण्यापूर्वीच वैद्यांना विचारून कागदावर लिहून घ्यावे.

राहता राहिली गोष्ट आप्तेष्टांची. गाडी फलाटाला लागते न लागते तोच हार-तुरे, घरी पाय ठेवताच शेजारपाजार, दुपारी पुरणाचा स्वयंपाक, आणि संध्याकाळी 'अमेरिका कशी वाटली?' हे विचारायला आलेली मंडळी, असा जो सोहळा आपल्याकडे चालतो, त्यामागचे प्रेम मला मान्य आहे, वेळ मान्य नाही. ज्यांच्या घरी येत्या सुट्टीत कोणी परदेशातून परतणार असेल, त्यांनी हा सोहळा तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत तहकूब ठेवावा, पाहुण्यास व चालकास मुंबईत किंवा हैदराबादेत एक रात्र मुक्काम करू द्यावा, आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत एकाच पायाची पिंढरी सुजून दुखू लागली किंवा अकस्मात धाप लागली, तर 'प्रवासाचा शीण आहे, उतरेल' असे म्हणत न बसता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.