शेवंता आमचं ऐकेना

रेडिओसाठी बचतीवर दहा मिनिटांची श्रुतिका लिहायची असं आमच्या गटाने ठरवलं. कोलाड नाक्यावर भाजी विकणारी शेवंता आम्ही उभी केली. नवरा पैसे मागतो, ती ठणकावून नाही म्हणते, श्रुतिका संपली. कागदावर सोपं होतं.

तालमीत शेवंताचं काम करणारी ताई त्याच वाक्याला अडली. "ही अशी बोलणार नाही. सासू आजारी आहे, पोरं झोपलीत, हे तुम्हीच लिहिलंय ना? मग रात्री आवाज चढवेल का ती?" आम्ही पानं उलटली. आम्हीच लिहिलं होतं.

पात्र आपल्या मनाने वागतं म्हणतात, ते काही अंगात येणं नव्हे. आपण त्याला घर देतो, माणसं देतो, भीती देतो. पोलक्याचं कापड एकदा बेतलं की बाही वाटेल तिथे जोडता येत नाही, तसंच हे. सासूला काढून टाकायचा हक्क आम्हाला होताच, पण मग मागचं सगळं उसवावं लागलं असतं.

विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे १९६७ सालचं नाटक. त्यात खेळातला खटला भरवून बेणारेबाईंचं खासगी आयुष्य चव्हाट्यावर आणतात. बाईंचं शेवटचं लांब स्वगत आधी संहितेत नव्हतं. दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांनी आग्रह धरला, तेव्हा तेंडुलकरांनी ते लिहिलं. पण कसं? बाई बोलतात तेव्हा बाकीचे थिजलेले. कोर्टाच्या कानी काही पडत नाही, ऐकतो तो प्रेक्षक. बाईंना बोलू दिलं, पण त्यांची कोंडी खोटी केली नाही.

त्यावरून आम्हाला वाट सापडली. आता आमची शेवंता हळूच म्हणते, "पैसे गटात भरले." पण त्याआधी तांदळाच्या डब्याचं झाकण वाजलेलं असतं. नवऱ्याला पत्ता नाही, ऐकणारीला कळतं.

यावर आमच्यात चांगलीच जुंपली. रेडिओवर खोटं बोलणारी बाई ऐकवायची? हप्ते वेळेवर भरणाऱ्या ताईंना ते अजून पटलेलं नाही. आम्ही मात्र तसंच ठेवलं.

श्रुतिका लागली त्यानंतरच्या बैठकीत एक जण आमच्याजवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, "माझ्या डब्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं.