राजवाड्यातून निर्वासितांच्या वस्तीत

कंबोडियाच्या शास्त्रीय नृत्याविषयी लिहिणारे बहुधा अंगकोरच्या भिंतींवरील अप्सरांपासून सुरुवात करतात. मी कॅलिफोर्नियातील लाँग बीचपासून करतो. ख्मेर निर्वासितांची फार मोठी वस्ती तिथे आहे, आणि या कलेपुढचा खरा प्रश्न तिथेच उघडा पडला.

१९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूजच्या राजवटीने माणसे उपासमारीने, कष्टाने आणि थेट कत्तलीने संपवली. दहा कलावंतांपैकी नऊ उरले नाहीत, असा अंदाज सांगितला जातो. हे नृत्य पोथीत नव्हते. हातांच्या मुद्रा, ज्यांना ‘क्बाच’ म्हणतात, गुरूच्या देहातून शिष्याच्या देहात उतरत. गुरू मारला की ग्रंथालयच जळाले! जे वाचले त्यांनी थाई सीमेवरच्या छावण्यांत, बांबूच्या झोपड्यांमध्ये, पोरींची बोटे मागे वाकवायला पुन्हा सुरुवात केली.

पण जपायचे ते काय? हे नृत्य राजाचे होते. नर्तकी राजवाड्याच्या भिंतीआड राहत, राजाच्या मर्जीवर जगत. ही बाजू गौरवगीतांत येत नाही. मला ती विसरता येत नाही.

सोफिलीन चीम शापिरो १९७५ साली आठ वर्षांची होती. वडील आणि दोन भाऊ तिने त्या काळात गमावले. पुढे नॉम पेन्हमध्ये वाचलेल्या गुरूंकडे ती शिकली, १९९१ मध्ये अमेरिकेत आली आणि २००२ मध्ये लाँग बीचला तिने ख्मेर आर्ट्स अकॅडमी उभी केली. इंग्रजी बोलणारी निर्वासितांची मुले तिथे जुने पाठ गिरवू लागली. तिने मात्र तेवढ्यावर थांबायचे नाकारले. ‘ऑथेल्लो’वरून तिने ‘समृतेचक’ रचले. त्यातला नायक आपल्या हातून झालेल्या खुनाची जबाबदारी स्वतः घेतो. ख्मेर रूजचे पुढारी ती घेत नव्हते, हे प्रेक्षकांना वेगळे सांगावे लागले नसेल. शुद्धतावाद्यांनी नाके मुरडली. शुद्धतेची काळजी नेहमी अशाच वेळी का जागी होते?

तिचा शिष्य प्रुमसोदुन ओक लाँग बीचमध्येच निर्वासितांच्या पोटी जन्मला. २०१५ मध्ये त्याने नॉम पेन्हला जाऊन समलिंगी पुरुषांचे नृत्यपथक स्थापन केले. राजवाड्यातल्या स्त्रियांनी जपलेल्या भूमिका आता ते तरुण करतात. नाचाआधी गुरूंना वंदन करण्याचा ‘संपेआ क्रू’ हा विधी त्यांनी सोडलेला नाही.