पोर्तुगीज भाषेतील कार्यालयीन शब्द व उच्चार : मराठी भाषकांच्या दृष्टीने विवेचन

प्रस्तावना :
मराठी व पोर्तुगीज या भाषांचा संबंध सोळाव्या शतकापासूनचा आहे. पगार, चावी, लिलाव, घमेले, बिजागरी हे कामकाजातील शब्द मराठीने पोर्तुगीजमधून घेतले. त्यामुळे नोकरीनिमित्त ही भाषा शिकणाऱ्या मराठी भाषकास ती परिचित वाटते. मात्र हा परिचय स्मरणास जितका उपयुक्त, तितकाच अर्थ व उच्चार यांबाबत फसवा ठरतो. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचे विवेचन केले आहे.

शब्द व अर्थ :
'पगार' हे मूळ भाषेत 'पैसे देणे' या अर्थाचे क्रियापद आहे. वेतनास 'सालारियु' म्हणतात. सोमवार ते शुक्रवार या वारांची नावे क्रमवाचक असून गणना रविवारपासून होते. म्हणून 'सेगुंदा' (दुसरा) म्हणजे सोमवार व 'क्वार्ता' (चौथा) म्हणजे बुधवार. सोमवार पहिला धरणारा कर्मचारी बैठकीस एक दिवस उशिरा पोहोचेल. आभार मानताना पुरुष 'ओब्रिगादु', तर स्त्री 'ओब्रिगादा' म्हणते. 'जातो-जाते' असा भेद करणाऱ्या मराठी भाषकास हे सहज उमगते.

उच्चार :
'चावी'चा मूळ शब्द आज लिस्बनमध्ये 'शाव्' व ब्राझीलमध्ये 'शावी' असा उच्चारला जातो. मराठीतील 'च' हा त्याचा जुना उच्चार होय; उत्तर पोर्तुगालच्या काही बोलींत तो आजही टिकून आहे. 'पाव' या शब्दाने मात्र मूळचे अनुनासिकत्व गमावले. नाकातून न उच्चारलेला 'पाउ' म्हणजे पोर्तुगीजमध्ये लाकडाची काठी. 'रेउनिआँउ' (बैठक), 'कार्ताँउ' (कार्ड) इत्यादी असंख्य कार्यालयीन शब्दांचा शेवट याच अनुनासिक स्वराने होतो. कोकणीत अनुनासिक स्वर जिवंत असल्याने कोकणी भाषकास हा उच्चार तुलनेने सुलभ जातो.

मराठीत शब्दातील आघाताने अर्थ बदलत नाही, पोर्तुगीजमध्ये बदलतो. 'सेक्रेतारिया' या शब्दात 'ता'वर आघात दिल्यास स्त्री-सचिव (पोर्तुगालमध्ये लिहिण्याचे मेजही), तर 'रि'वर दिल्यास कचेरी असा अर्थ होतो.

प्रदेशभेद व संबोधन :
लिस्बनमध्ये आघातरहित स्वर गिळले जातात; ब्राझीलमध्ये ते अधिक स्पष्ट ऐकू येतात. सकाळचे अभिवादन लिस्बनमध्ये 'बों दिअ', तर ब्राझीलच्या बऱ्याच भागांत 'बों जिअ' असे होते. भ्रमणध्वनीस पोर्तुगालमध्ये 'तेलेमोव्हेल' व ब्राझीलमध्ये 'सेलुलार' म्हणतात. ब्राझीलमध्ये सहकाऱ्यास 'व्होसे' म्हणणे सर्वसामान्य आहे. पोर्तुगालमध्ये वरिष्ठास तसे संबोधल्यास ते उद्धटपणाचे वाटू शकते. तेथे पदवीधरास 'दोतोर' म्हणण्याची प्रथा आहे.

निष्कर्ष :
अध्यापनात प्रथम पोर्तुगाल की ब्राझील हे निश्चित करावे. परिचित शब्दांपासून आरंभ करून त्यांच्या अर्थातील व उच्चारातील अंतर लगेच दाखवावे. देवनागरी लिप्यंतर हा केवळ तात्पुरता आधार मानावा. त्यातून अनुनासिकत्व व आघात पुरेसे व्यक्त होत नाहीत. म्हणून शब्दसूची वाचण्यापूर्वी ती ऐकविणे आवश्यक ठरते.